ट्रेसमध्ये फंक्शन ५८४ वर्षं चाललेलं दिसलं तर

ट्रेसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालताना घेतलेल्या नोंदीत, असा आकडा दिसला की नवी मुलं आधी घड्याळावर संशय घेतात आणि मग एक कास्ट (आकड्याचा टाइप बदलणं) घालून मोकळी होतात. मी मात्र आधी तो आकडा मागते, तोही नॅनोसेकंदांत, पूर्ण, गोल न करता. साइन्ड (ऋण आकडेही धरणारा टाइप) आणि अनसाइन्ड (ऋण न धरणारा) यांच्या घोळात चुकीचा आकडाच बहुतेक वेळा चूक कुठे आहे ते सांगतो.

आकडा १८४४६७४४०७३७०९५५१५७६ आहे असं समजा. २ चा ६४ वा घात १८४४६७४४०७३७०९५५१६१६, म्हणजे आपल्याकडे खरं तर −४० आलंय. एका सीपीयूवर सुरुवात नोंदली गेली, दुसऱ्यावर शेवट, आणि दोन्हींची घड्याळं ४० नॅनोसेकंदांनी पुढेमागे. अनसाइन्ड वजाबाकीला ऋण उत्तर माहीतच नाही. यात गंमत अशी, की बेरीजही त्याच ६४ बिटांच्या अनसाइन्डमध्ये केली तर ती आपोआप बरोबर येते, त्यामुळे सरासरी सुरळीत दिसते; फक्त कमाल वेळ ५८४ वर्षं होते. बेरीज डबलमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या टाइपमध्ये, केली असेल, तर दहा लाख नमुन्यांत असा एकच असला तरी सरासरी पाच तासांच्या पुढे जाते.

दुरुस्ती: दोन्ही वेळा यू६४ (६४ बिटांचा अनसाइन्ड) च ठेवा, फरक मात्र एस६४ (६४ बिटांचा साइन्ड) मध्ये घ्या. ऋण आला तर त्याची वेगळी मोजणी ठेवा आणि रिपोर्टमध्ये दाखवा. गुपचूप शून्य करू नका; घड्याळांचा खरा बिघाड मग कुणाला कधीच कळणार नाही.

आता आकड्याचे शेवटचे तीन अंक ६१४ असतील तर वजाबाकी शोधत बसू नका. ते −२ आहे, लिनक्समध्ये ‘फाइल नाही’. फाइल उघडणारा ओपनॅट हा सिस्टिम कॉल फसला आणि टूलने परतीची किंमत अनसाइन्ड म्हणून वाचली. ६०३ म्हणजे −१३, परवानगी नाही. इथे अंदाज लावायची गरजच नसते: ट्रेसएफएसमध्ये (लिनक्सची ट्रेसिंगची फाइलसिस्टिम) प्रत्येक इव्हेंटची फॉरमॅट नावाची फाइल असते, आणि तिच्यात प्रत्येक फील्डचं ऑफसेट, साइज आणि साइन्ड ० की १ हे लिहिलेलं असतं. पार्सर (ट्रेस वाचून फील्ड वेगळी करणारा कोड) लिहिणारे पहिली दोन वाचतात, तिसरं सोडून देतात. शेड्यूल स्विच (सीपीयूवरचा टास्क बदलल्याचा इव्हेंट) मधली प्रायॉरिटी ४ बाइटची साइन्ड आहे. डेडलाइन टास्कची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत चालवायच्या टास्कची, −१ असते. तिचे ४ बाइट थेट यू६४ मध्ये भरले की ४२९४९६७२९५ दिसते. आधी ३२ बिटांच्या साइन्डमध्ये घ्या, मग ६४ मध्ये वाढवा. क्रम उलटा केला तर उपयोग नाही.

तिसरा प्रकार फसवा. आकडा १८४४६४ ने सुरू होतो, १८४४६७ ने नाही. हा बहुतेक वेळा ४८ बिटांचा हार्डवेअर काउंटर असतो, जो भरून पुन्हा शून्यावर आलाय. काउंटर २ च्या ४८ व्या घातापेक्षा ५ कमी होता, आता ५ आहे. खरा फरक १०, पण ६४ बिटांत वजा केलं की १८४४६४६२५९८७३२८४०९७० मिळतं. इथे एस६४ चा कास्ट काही कामाचा नाही. लिनक्सचं कर्नल करतं तेच करा: दोन्ही किमती १६ बिट डावीकडे सरकवा, वजा करा, उत्तर अनसाइन्डच ठेवून १६ बिट उजवीकडे आणा.

आकडा न दाखवणारे बग कंपायलरकडून पकडून घ्या. रीड या वाचणाऱ्या कॉलची परतीची किंमत (साइन्ड) थेट साइजऑफशी (बाइटमधला आकार, अनसाइन्ड) तुलना करणारी ओळ ट्रेस फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये सापडतेच. −१ तिथे प्रचंड मोठा होतो आणि फसलेलं वाचन यशस्वी ठरतं. कंपायलरचा साइन-कम्पेअर इशारा यावर बोट ठेवतो. जीसीसी या कंपायलरमध्ये तो सी++ साठी ‘वॉल’ (-Wall) पर्यायात येतो, सी साठी ‘डब्ल्यूएक्स्ट्रा’ (-Wextra) लावावं लागतं. यूबीसॅनवर (प्रोग्रॅम चालताना भाषेचे नियम मोडले का ते तपासणारं साधन) विसंबू नका: अनसाइन्डचं गुंडाळणं भाषेच्या नियमात बसतं, म्हणून तो गप्प राहतो. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे, पण हॅश फंक्शनवरही तो ओरडतो.

टेस्टसाठी लिनक्सची युक्ती उचला. तिथे जिफीज (कर्नलचा टिकटिक मोजणारा काउंटर) मुद्दाम अशा किमतीपासून सुरू होतात, की ३२ बिटांचा काउंटर बूटनंतर पाच मिनिटांतच गुंडाळला जावा. तुमच्या टेस्टमधला पहिला टाइमस्टॅम्पही शून्य न ठेवता काठाजवळचा द्या.