सायकल, काटा आणि टेप: वस्तुमान, बल, संवेग मोजून बघा

यासाठी लागतं ते असं: चालू स्थितीतली साधी सायकल, माणसांचं वजन करायचा काटा, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हूकवाला काटा, मोठा टेप, खडू, दोरी, 10 किलो तांदळाची पिशवी आणि व्हिडिओ काढणारा फोन. जागा सपाट, डांबरी आणि रिकामी हवी. हेल्मेट घालाच.

आधी वस्तुमान. स्वार काट्यावर एकदा नुसता उभा राहील, एकदा सायकल उचलून. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे सायकल. समजा स्वार 50 किलो आणि सायकल 20, म्हणजे एकूण 70.

आता बल. स्वाराला सायकलवर बसवा, पाय पेडलवरून काढायला सांगा. हँडलच्या खालच्या नळीला दोरी बांधून तिला हूकचा काटा अडकवा. काट्यावर 3 किलो दिसत राहील इतक्याच जोराने 10 मीटर ओढा. न्यूटन हे बल मोजायचं एकक; काट्यावरचा 1 किलो म्हणजे 9.8 न्यूटन, म्हणून ओढ साधारण 29 न्यूटन. त्यातले पाचेक न्यूटन चाकांच्या घर्षणात जातात. (तुमच्या सायकलचा हा आकडा काढायचा असेल तर ती एकाच संथ वेगाने ओढा आणि काटा वाचा.) उरलेल्या 24 न्यूटनला 70 ने भागलं की त्वरण (दर सेकंदाला वेग किती वाढतो ते) येतं, सुमारे 0.34 मीटर प्रति सेकंद वर्ग. या त्वरणाने थांबलेल्या सायकलला 10 मीटर जायला साडेसात सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. बराच जास्त वेळ लागला तर आधी टायरमधली हवा बघा, मग ब्रेकचं रबर रिमला घासतंय का ते बघा. सायकल पुढे पळायला लागली की ओढणारा मागे पडतो आणि काटा 1 किलोवर येतो. या प्रयोगात सर्वांत जास्त चूक इथेच होते, म्हणून ओढणाऱ्याने सुरुवातीपासून धावायच्या तयारीत राहावं.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि तो खरा जाणवतो ब्रेक लावताना. खडूने 10 मीटर अंतरावर दोन रेघा मारा. दोन रेघांमधलं अंतर 2 सेकंदांत कापलं तर वेग 5 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 18 किलोमीटर, आणि संवेग 350 (किलो गुणिले मीटर प्रति सेकंद). दुसऱ्या रेघेनंतर फक्त मागचा ब्रेक लावा. तो दरवेळी सारखाच दाबला जावा म्हणून लिव्हर आणि मूठ यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचं वेटोळं घट्ट बांधा. लिव्हर त्यावर टेकला की पुढे जाणार नाही. पुढचा ब्रेक मोकळाच ठेवा, अडचणीत तो लागेल.

थांबण्याचं अंतर रेघेपासून मोजू नका. रेघ दिसून हात हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला तर अडीच मीटर तिथेच वाढतात. लिव्हरला लाल चिंधी बांधा, बाजूने व्हिडिओ काढा आणि चिंधी हलली तिथून मोजा.

अंतर 10 मीटर भरलं तर वेळ 4 सेकंद (अंतराची दुप्पट भागिले सुरुवातीचा वेग). दर सेकंदाला संवेग जेवढा बदलतो तेवढं बल, म्हणून 350 भागिले 4, म्हणजे सरासरी 87.5 न्यूटन. आता तांदळाची पिशवी कॅरिअरला करकचून बांधा आणि त्याच वेगाने या. संवेग 400 झाला, ब्रेक तेवढाच, म्हणून अंतर 11.4 मीटरच्या आसपास यायला हवं. पिशवी काढून वेग निम्मा केलात तर वेळ निम्मा लागतो, अंतर मात्र पाव होतं, म्हणजे अडीच मीटर.

पुस्तकात वाचलेलं असतं की थांबण्याचं अंतर वस्तुमानावर अवलंबून नसतं. ते खरं आहे, पण चाक जाम होऊन घसरतं तेव्हा. तिथे वजन वाढलं की रस्त्याचं घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. इथे चाक फिरतंय आणि मर्यादा ब्रेकच्या पकडीची आहे, म्हणून 10 किलोंचा फरक दिसतो. रस्त्यावर काळा पट्टा उमटला तर ती फेरी मोजणीत धरू नका.

मोठ्या गाड्यांचा हिशोब कागदावरच करा. 15 टनांची भरलेली बस सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू सरकतेय. तिचा संवेग 7500. स्वारासह 200 किलोची मोटरसायकल ताशी 60 ने चाललीय; तिचा संवेग सुमारे 3300. एकच बल लावलं तर बस थांबायला दुपटीहून जास्त वेळ घेईल. अंतराचं गणित मात्र उलटं आहे, कारण ते गतिज ऊर्जेवर, म्हणजे गतीमुळे असलेल्या ऊर्जेवर ठरतं (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं; एकक ज्यूल). बसची ऊर्जा 1900 ज्यूलच्या आत, मोटरसायकलची जवळजवळ 28,000. म्हणजे त्याच बलाने मोटरसायकलला बसच्या सुमारे पंधरापट अंतर लागेल. किती वेळ ब्रेक धरावा लागेल ते संवेगातून काढा आणि पुढे किती रस्ता मोकळा हवा ते ऊर्जेतून.