विहिरी मोजायला निघण्याआधी

शाळेच्या हरित सेनेनं किंवा विज्ञान मंडळानं गावच्या विहिरींची पातळी मोजायचं ठरवलं, तर तयारी एप्रिलमध्येच उरकावी लागते. पाणी सगळ्यात खोल जातं ते मेअखेरीस, आणि नेमकी तेव्हा शाळा बंद. म्हणून वार्षिक परीक्षेआधीच, सुट्टीत गावातच राहणारी तीन-चार मुलं ठरवून ठेवा. टेप मामाच्या गावाला गेला की पहिलीच नोंद हुकली. दुसरी मोजणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या सुट्टीच्या आत.

विहिरी पाच-सहाच घ्या, पण कठडा मजबूत असलेल्या आणि मालकानं हो म्हटलेल्या. बोअर नको. खानदेशात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी फार खोल आहे, शिवाय केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या नळीत, पाइप आणि केबल असल्यानं टेप अडकतो. साक्री-शिंदखेड्याकडे जमिनीखाली काळ्या दगडाच्या उभ्या भिंती गेलेल्या आहेत, त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींत बराच फरक दिसू शकतो. मोजणी चुकली समजून आकडा खोडू नका.

सामान थोडंच लागतं: ३० मीटरचा टेप, टोकाला वजनाला जड नट, खडू, ऑइलपेंटचा छोटा डबा, वही. पेंटनं कठड्यावर एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. खूण नसेल तर कठड्याच्या उंचसखल काठामुळेच पाच-दहा सेंटीमीटर इकडेतिकडे होतात. टेपच्या शेवटच्या मीटरला खडू घासा, नट पाण्यात बुडेपर्यंत सोडा, खुणेवर पूर्ण मीटरचा आकडा धरा आणि वर ओढा. १४ मीटरवर धरला आणि ०.६२ मीटर ओला झाला, तर १३.३८. त्यातून कठड्याची उंची ०.७५ वजा केली की जमिनीपासून १२.६३ मीटर. शून्याच्या खाली नट लोंबत असला तरी त्याची लांबी धरू नका, ओला भाग टेपच्या शून्यापासूनच वाचा. तीन वेळा मोजा. दोन सेंटीमीटरच्या आत जमलं नाही तर चौथ्यांदा. विहीर सात परस (परस म्हणजे पुरुषभर उंचीचं जुनं माप) आहे असं मालक सांगेल, ते ऐकून घ्या, पण वहीत मीटरच लिहा.

सगळ्यात जास्त चूक होते ती मोटरमुळे. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. मोटर बंद होऊन तासच झाला असेल तर विहीर भरत असते आणि तुम्ही उपसा मोजता, पातळी नाही. त्यामुळे लाइटचं वेळापत्रक आधी विचारा, मोटर किती वाजता थांबली ते नोंदवा. चाळीसगाव-भडगाव-पाचोऱ्याकडे गिरणेच्या कालव्याचं आवर्तन (पाळीचं पाणी) सुटलं की जवळच्या विहिरी चढतात. आवर्तनाची तारीखही त्याच पानावर हवी. कुणीही कठड्यावर वाकायचं नाही, आणि कोरडी दिसली तरी विहिरीत उतरायचं नाही. तळाशी हवा कोंदलेली असू शकते.

पाण्याची तपासणी करायची असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, दरवेळी बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. ५०० च्या खाली आकडा आला की पाणी चांगलं, हा समज मात्र मुलांच्या डोक्यातून आधीच काढा. युरियातून उतरणारं नायट्रेट मीटरला वेगळं कळत नाही, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जंतूंचं तर मीटरला काहीच कळत नाही. त्यासाठी एचटूएस बाटली असते: खुणेपर्यंत पाणी भरायचं, २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर पाणी दूषित. ही बाटली खोलीच्या तापमानाला चालते, पण डिसेंबरच्या थंडीत जंतू वाढत नाहीत आणि बाटली खोटीच स्वच्छ दिसते. मेमध्ये उलट, पत्र्याखाली ठेवू नका. वापरलेल्या बाटलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून तासभर ठेवावं, मगच मोरीत ओतावं. हे काम शिक्षकांनी करायचं, मुलांनी नाही.