सेन्सर साफ करायचं सामान: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

मोकळ्या आभाळाच्या फोटोत एकाच जागी धुरकट करडा ठिपका दिसतोय आणि लेन्स बदलली तरी तो हलत नाही, म्हणजे धूळ सेन्सरवर (लेन्समागे चित्र टिपणाऱ्या, काचेने झाकलेल्या चकतीवर) आहे. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ सहसा अशी उमटत नाही. आपल्याकडे हे लवकर होतं. ऐरोलीच्या खाडीवर किंवा नेरुळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो टिपताना उघड्यावर लेन्स बदलली की खारा वारा सरळ कॅमेऱ्यात जातो, आणि घरी यावं तर शेजारी कुठल्या तरी टॉवरचं काम चालूच असतं.

काहीही विकत घेण्याआधी चाचणी करा, ती फुकट आहे. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ १६ किंवा २२, म्हणजे अगदी बारीक, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, मॅन्युअल फोकस आणि तो मुद्दाम बिघडवलेला. पांढऱ्या भिंतीचा किंवा लॅपटॉपच्या कोऱ्या पडद्याचा फोटो काढा. शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवा. भिंतीचा खरखरीतपणा पुसला जातो, धुळीचे ठिपके मात्र जागच्या जागी राहतात. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो. कॅमेरा समोर धरून आत पाहिलं तर डावी-उजवी बाजू तीच राहते. ठिपके फक्त एफ १६ च्या पुढे दिसत असतील आणि तुम्ही लग्नं एफ २.८ वर, म्हणजे छिद्र मोठं ठेवून, काढत असाल, तर खुशाल सोडून द्या.

पहिला खर्च ब्लोअरचा, आणि बहुतेकांचं काम इथेच संपतं. तीन-चारशे रुपयांत बरा रबरी ब्लोअर मिळतो. दुकानात, मग ते ठाण्यातलं असो की फोर्टच्या बोरा बझारमधलं, तीन गोष्टी पाहा. नळी ओढून बघा. ढिली असेल तर जोरात दाबल्यावर ती सुटून सेन्सरवर आदळू शकते. हवा मागून आत घेणारी झडप आहे का पाहा, नाहीतर उडवलेली धूळ ब्लोअर पुढूनच पुन्हा आत ओढतो. तिसरी गोष्ट आतल्या पावडरीची: नवा ब्लोअर आधी वीसेक वेळा हवेत दाबा, मग मोबाइलच्या पुसलेल्या काळ्या पडद्यावर फुंका आणि टॉर्च तिरका धरून बघा. पांढरे कण दिसले तर तो ब्लोअर कीबोर्डसाठी ठेवा. डब्यातली दाबलेली हवा वापरू नका. डबा कलला की आतला वायू द्रवरूपात बाहेर येतो आणि काचेवर डाग पाडतो. तोंडाने फुंकर मारायची नाही, हे सांगायलाच नको. थुंकीचा बारीक थेंब धुळीपेक्षा चिवट.

ब्लोअर वापरताना कॅमेऱ्याचं तोंड खाली, पंखा बंद, नळीचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) बाहेर. सात-आठ वेळा दाबा, पुन्हा चाचणी फोटो.

तरीही ठिपका राहिला तर तो चिकटलाय. पावसाळ्यात हे जास्त होतं: एसीत गार झालेला कॅमेरा दमट हवेत उघडला की आत दव धरतं आणि सुकी धूळ काचेला घट्ट बसते. शटरच्या यंत्रणेतलं तेलही उडतं. निकॉन डी६०० मधल्या डागांची तक्रार इतकी वाढली, की २०१३ मध्ये कंपनीने त्याबद्दल सूचना काढली. तेल फुंकून जात नाही, त्याला ओला स्वॅब, म्हणजे कापड गुंडाळलेली पुसायची चपटी काडी, लागतो.

स्वॅबवर मात्र काटकसर नको. त्याची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी हवी: एपीएस-सीला (लहान सेन्सर) १६ मिलिमीटर, फुल फ्रेमला (मोठा सेन्सर) २४. अरुंद स्वॅबने दोन पट्ट्यांत पुसलं की मध्ये रेघ राहते. बंद पाकिटातलेच घ्या आणि कडेला कापड गोंदाने चिकटवलेलं नाही ना, हे बघा; गोंद द्रवात सुटतो आणि काचेवर पसरतो. कान कोरायच्या काड्या म्हणजे नुसते सुटे धागे. दहा-बारा स्वॅब आणि द्रवाची बाटली असा संच साधारण हजाराच्या आसपास पडतो.

द्रव म्हणून मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वस्त पडतं, पण आधी पारखा. स्वच्छ आरशावर एक थेंब टाका, वाळू द्या, टॉर्चने बघा. कडं उमटलं तर सेन्सरवरही उमटणार. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नकोच. कॅमेऱ्याच्या काही द्रवांत मिथेनॉल असतं; ते विषारी आणि ज्वालाग्राही, म्हणून हे काम गॅसच्या ओट्यावर करू नका.

सेन्सर लूप, म्हणजे सेन्सर बघायचं दिवा लावलेलं भिंग, लागतोच असं नाही. साधं भिंग चालतं, फक्त कोणतं ते समजून घ्या. सराफाच्या दहापट भिंगातून सुमारे २५ मिलिमीटरवरचं स्पष्ट दिसतं. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) सेन्सर माउंटपासून १६ ते २० मिलिमीटर आत असतो, म्हणजे भिंग बाहेर धरूनच काम होतं. डीएसएलआरमध्ये (आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) हेच अंतर ४४ ते ४६.५ मिलिमीटर. तिथे दहापट भिंग थेट कॅमेऱ्याच्या पोटात घालावं लागेल. त्याऐवजी घड्याळजींकडे असतं तसं पाचपट घ्या.

आता पुसणं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मेन्यूतूनच स्वच्छतेचा पर्याय निवडा. बल्ब मोडवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं तो) शटर उघडं ठेवायचं नाही, कारण मध्येच ते मिटलं तर स्वॅबवर आपटेल. आधी पुन्हा एकदा ब्लोअर, नाहीतर सुटा कण स्वॅबखाली घासला जाईल. स्वॅबच्या कडेला दोन थेंब, फुल फ्रेमला फार तर तीन. पाचेक सेकंद मुरू द्या. डाव्या कडेला टेकवा, काडी जरा कललेली ठेवून एका सरळ ओढीत उजवीकडे न्या; न उचलता दुसऱ्या बाजूला कलवा आणि कोरी बाजू वापरत परत आणा. काडी किंचित वाकेल एवढाच दाब. इन-बॉडी स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर सेन्सर हातालाच डुलल्यासारखा वाटेल, घाबरून दाब वाढवू नका. तो स्वॅब टाकून द्या. पैसे वाचवायला तोच पुन्हा फिरवलात तर काढलेली घाण परत लावाल.

पुसल्यावर कोपऱ्यात गोल कडं दिसलं तर द्रव जास्त झाला होता. रेघ दिसली तर कमी पडला किंवा हात थांबला. दोन्हीवर उपाय एकच, नवा स्वॅब. दोन स्वॅबनंतरही ठिपका हलला नाही तर थांबा. खाडीच्या पाण्याचा वाळलेला थेंब असेल तर मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही आणि घासून निघताना ओरखडा पाडू शकतं. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

बाटली लहानच घ्या, १५ मिलिलिटर पुष्कळ होते. आपल्या हवेत उघडं अल्कोहोल ओल शोषतं, तेव्हा थेंब टाकला की लगेच झाकण घट्ट.