मल्टिसिग वॉलेटची फी सह्या करायच्या आधीच ठरवा

सांगलीत विश्रामबागला माझं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. येणारी बरीच कामं विटा-खानापूरकडच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं काम करणाऱ्या, कुटुंबांची असतात. एक भाऊ गावी, एक कोइमतूरला दुकानात, एक मुलांच्या शाळेसाठी सांगलीत, अशी ही घरं. माझ्या तीन मावसभावांनी घरातलं सामाईक बिटकॉइन मल्टिसिग, म्हणजे एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या, वॉलेटमध्ये ठेवायचं ठरवलं. गुप्त डिजिटल चाव्या तीन, पैसे काढायला कुठल्याही दोघांच्या सह्या. धाकट्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, दोन सह्या म्हणजे फी दुप्पट का गं?"

तसं नाही. बिटकॉइनची फी रकमेवर नसते आणि थेट सह्यांच्या संख्येवरही नसते. व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांची नोंद होते त्या गठ्ठ्यात, किती जागा खातो, त्यावर ती ठरते. ही जागा व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात आणि दर एका बाइटला इतके सातोशी असा असतो. एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी. एका सहीच्या आधुनिक वॉलेटमधून एक इनपुट, म्हणजे आधी जमा झालेल्या पैशांचा एक तुकडा, आणि दोन आउटपुट, म्हणजे समोरच्याचे पैसे आणि आपली परत येणारी शिल्लक, असा व्यवहार साधारण 141 बाइटचा होतो. तोच तीनपैकी दोन सह्यांच्या वॉलेटमधून केला तर 189 च्या आसपास. फरक साधारण तिसऱ्या हिश्श्याचा. मात्र तेच मल्टिसिग जुन्या पद्धतीचं असेल, तर आकडा 370 च्या घरात जातो.

म्हणून फीचा पहिला निर्णय वॉलेट तयार करतानाच होतो. 2017 मध्ये सेगविट हा बिटकॉइनच्या नियमांतला बदल आला तेव्हापासून सह्यांच्या भागाचं वजन चौथाईच धरतात आणि मल्टिसिगमध्ये बराचसा भार सह्यांचाच असल्यामुळे त्याचा फायदा आपल्याला सगळ्यात जास्त. स्पॅरोसारख्या वॉलेट ॲपमध्ये नेटिव्ह सेगविट हा प्रकार निवडा. पत्ता 'बीसी1' या अक्षरांनी सुरू झाला पाहिजे. 3 या आकड्याने सुरू होणारा पत्ता दिसला, तर वॉलेट महागड्या साच्यात बनलंय असं समजा.

दुसरा निर्णय पैसे आत घेताना होतो, आणि लोकांचा खरा खर्च इथेच वाढतो. तीनपैकी दोनच्या वॉलेटमध्ये प्रत्येक इनपुट सुमारे 105 बाइट खातं. भाऊ एक्स्चेंजवरून दर महिन्याला थोडं थोडं काढणार असतील, तर वर्षात बारा सुटे तुकडे जमतात. पत्ता एकच वापरला तरी तुकडे बाराच राहतात. ही चिल्लर एकदम खर्च करायला गेलं की व्यवहार 1,340 बाइटचा होतो. दर बाइटला 10 सातोशी असेल, तर 13,400 सातोशी. बिटकॉइन 80 लाखांचं धरलं तर साधारण 1,070 रुपये. दर 100 झाला की तेच दहा हजारांवर जातं. 20 एप्रिल 2024 ला हाल्विंग झालं, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमागे तयार होणारं नवं बिटकॉइन निम्मं झालं, त्या दिवशी दर कित्येक शेकड्यांवर गेला होता. तेव्हा ज्यांच्याकडे असे तुकडे साठलेले होते, त्यांचा विचार करा.

उपाय सोपा आहे. महिन्याऐवजी तिमाहीला काढा. आधीच तुकडे साठले असतील, तर दर पडलेला असताना सगळे एकत्र करून स्वतःच्याच नव्या पत्त्यावर पाठवा. बारा तुकडे 2 सातोशी दराने जोडायला साधारण 2,600 सातोशी लागतात, वरच्या हिशेबाने दोनशे रुपयांच्या आसपास. फीचा चालू दर मेमपूल डॉट स्पेस या वेबसाइटवर दिसतो. शनिवार-रविवारी, आणि आपल्याकडच्या सकाळी अमेरिका झोपलेली असते तेव्हा, तो बहुधा खाली असतो. एक लक्षात ठेवा, तुकडे जोडले की ते सगळे एकाच मालकाचे आहेत हे जगाला दिसतं.

आता सह्यांची गोष्ट. मल्टिसिगमध्ये फी व्यवहाराचा मसुदा, म्हणजे पीएसबीटी फाइल, बनवतानाच ठरते आणि सही त्या आकड्यांवरच होते. थोरल्याने विट्यात सोमवारी सही केली आणि कोइमतूरच्या भावाने गुरुवारी, तर दर सोमवारचा राहतो. मध्ये फीचा दर चढला, तर व्यवहार अडकतो. फी वाढवायची म्हटली की नवा मसुदा आणि पुन्हा दोघांच्या सह्या.

म्हणून मी दोन मसुदे एकदम करून घ्यायला सांगते. दोन्हींत इनपुट तेच, समोरच्याची रक्कम तीच, फक्त फी वेगळी, आणि दोन्हींत आरबीएफ, म्हणजे अडकलेला व्यवहार जास्त फीच्या व्यवहाराने बदलायची सोय, चालू. सह्या एकाच बैठकीत. आधी कमी फीचा पाठवायचा. अडकला तर वाढीव फीचा सोडायचा. इनपुट तेच असल्यामुळे दोन्हींपैकी एकच पक्का होऊ शकतो. राखीव फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला ती पाठवता येते, म्हणून ती घरातच ठेवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आणि सही करताना हार्डवेअर वॉलेटच्या, म्हणजे चावी सांभाळणाऱ्या यंत्राच्या, छोट्या स्क्रीनवर फीचा आकडा प्रत्येकाने स्वतः वाचावा. लॅपटॉपवर दिसला म्हणून सोडून देऊ नये.

फी वाचवायला एकाच चावीवर या, असा सल्ला मी कुणाला देणार नाही. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत घरांत, दुकानांत शिरलं. कपाटातल्या कागदावर लिहिलेल्या एकाच चावीवर सगळी पुंजी ठेवायची नाही, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वाढीव पन्नास बाइट त्यासाठी मोजावेत.

इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कवर हिशेब वेगळा. तिथे मल्टिसिग म्हणजे एक करार, म्हणजे नेटवर्कवर चालणारा प्रोग्राम, असतो. तो उभा करायलाच गॅस लागतो (गॅस म्हणजे कामाचं माप, फी त्यावर ठरते) आणि साध्या पाठवणीच्या 21,000 गॅसपेक्षा प्रत्येक व्यवहार महाग पडतो. सेफसारख्या वॉलेटमध्ये बाकीच्यांच्या सह्या फुकट होतात. शेवटी जो व्यवहार चालवतो, त्याच्या स्वतःच्या खात्यात मात्र फीसाठी ईथर, म्हणजे इथेरियमचं चलन, हवं.

कराचंही सांगते. विक्रीच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. ही नेटवर्क फी वजा मिळत नाही. तरी प्रत्येक व्यवहाराचा आयडी, तारीख आणि फी वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. नाहीतर वॉलेटमधली शिल्लक आणि खरेदीचा आकडा जुळत नाही, आणि मार्चमध्ये तीन भाऊ तीन गावांतून मला फोन करत राहतात.