गाडीच्या आत क्रोम पट्टी घरी कशी लावायची

बेस मॉडेल घेतलं की आत सगळं काळं नाहीतर राखाडी प्लॅस्टिक, आणि त्याच गाडीच्या टॉप मॉडेलमध्ये कंपनी एसी व्हेंटला, गिअरच्या भोवती आणि दाराच्या हँडलला थोडं क्रोम देते, तेवढ्यानेच आतलं रूप एकदम बदलून जातं. हे काम घरी आरामात होतं, काही शे रुपयांचं सामान लागतं. पण पट्टी टिकणार की आठवड्यात टोकं सुटणार हे पट्टीपेक्षा जास्त तुम्ही प्लॅस्टिक किती साफ केलंय त्यावर ठरतं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिणारे.

आधी पट्टीचे प्रकार, कारण दुकानात सगळ्यालाच क्रोम बीडिंग म्हणतात आणि मग चुकीची घरी येते. एक असते यू आकाराची, ती एसी व्हेंटच्या पात्यांवर नुसती दाबून बसते. दुसरी गॅपवाली, तिला मागे एक पातळ शेपटी असते आणि ती डॅशबोर्डच्या दोन भागांमधल्या फटीत जाते, गोंद वगैरे काही लागत नाही. तिसरी चपटी, मागे डबल टेप असलेली, साधारण ६ किंवा ८ मिमी रुंद. पहिल्यांदाच करत असाल तर मी गॅपवालीच घ्या म्हणेन, नाही आवडली तर ओढून काढता येते आणि मागे डागही राहत नाही.

आता कुठे लावायची नाही ते, हे प्लीज नीट वाचा. २०२२ पासून विकलेल्या नवीन गाड्यांमध्ये पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग असतेच, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्ड फाडून किंवा त्यावरचं झाकण उघडून बाहेर येते. त्या भागावरून किंवा त्याच्या फटीतून पट्टी अजिबात न्यायची नाही, कारण एअरबॅग उघडली की ती पट्टी सुटून थेट माणसाच्या तोंडावर येऊ शकते. स्टिअरिंगच्या मधल्या हॉर्नच्या भागावर पण नाही. काचेच्या बाजूच्या खांबांवर एअरबॅग असं लिहिलेलं असेल तर तिथेही हात लावू नका. डॅशबोर्डभर एक सलग रेघ खूप छान दिसते हे मान्य, पण एअरबॅगच्या अलीकडे थांबायचं म्हणजे थांबायचं.

दुसरं म्हणजे चमक. डॅशबोर्डच्या वरच्या सपाट भागावर क्रोम लावलं की त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि दुपारच्या उन्हात डोळ्यावर येतं. शंका असेल तर किचनमधल्या अॅल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी मास्किंग टेपने तिथे चिकटवा, दुपारी गाडी उन्हात उभी करून ड्रायव्हर सीटवर बसून बघा, लगेच कळतं. त्रास होत असेल तर जागा बदला किंवा मॅट क्रोम घ्या, ते मला तरी जास्त भारी वाटतं.

आता सफाई. आपल्याकडे गाडी धुतली की डॅशबोर्डला पॉलिश मारतातच, त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं आणि त्यावर कुठलाच टेप धरत नाही. त्यामुळे आधी शॅम्पूच्या पाण्यात पिळलेल्या कपड्याने पुसा, सुकू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून मायक्रोफायबरने पुसा, एकदा पुसून कपडा काळा निघाला तर परत पुसा, आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. मीटरच्या पारदर्शक कव्हरवर मात्र अल्कोहोल नको. बऱ्याच डॅशबोर्डचं प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलिनचं असतं, त्यावर टेप मुळातच कमी चिकटतो, तर चपटी पट्टी लावणार असाल तर टेपचा प्रायमर, म्हणजे टेप नीट चिकटावा म्हणून आधी लावायचा द्रव, मिळतो त्याचा पातळ हात मारून घ्या. फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने आजूबाजूच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरट थर येतो.

लावताना गाडी सावलीत पाहिजे. चांगला डबल टेप साधारण २१ ते ३८ डिग्रीत नीट धरतो, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे नाशिकला नको आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर पण नको. मास्किंग टेपने आधी सरळ रेघ आखून घ्या, मग टेपवरचा कागद थोडा थोडा सोलत पट्टी दाबत पुढे जा. पट्टी ताणायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, पट्टीचं प्लॅस्टिक (पीव्हीसी) ताणलेलं असलं की उन्हात परत आखडतं आणि टोकं उचलतात. गॅपवाली असेल तर शेपटी फटीत ठेवून जुन्या एटीएम कार्डाला कापड गुंडाळून दाबत जा, स्क्रू ड्रायव्हर घेतला की ओरखडा पडलाच म्हणून समजा. कोपऱ्यावर शेपटीला कात्रीने व्ही आकाराची खाच मारा आणि हेअर ड्रायरने जरा गरम करून वळवा. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या फटीत घालू नका, झाकण अडकतं.

एसी व्हेंटला प्रत्येक पात्याची लांबी वेगळी मोजा, पट्टी पात्यापेक्षा १-२ मिमी कमी कापा आणि एक लावली की पाती वर खाली करून व्हेंट पूर्ण बंद होतो का बघा. वॅगनआरसारख्या चौकोनी व्हेंटला हे सोपं जातं, २०१८ ते २०२३ मधल्या स्विफ्टचे मधले व्हेंट गोल आहेत, तिथे पात्यांच्या नादी न लागता बाहेरच्या कडेला रिंग लावलेली बरी.

माझ्या मते व्हेंट, गिअरची कड आणि दारावरच्या काचेच्या बटणांभोवती एवढं पुरे, जास्त झालं की आतलं सगळं भडक दिसायला लागतं.

टेपवाली पट्टी लावल्यावर ३ दिवस गाडी उन्हात उभी करू नका आणि तिथे ओला कपडा मारू नका, टेपची पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. पुढे कधी काढायची झाली तर हेअर ड्रायरने गरम करून मागून दातांचा फ्लॉस करवतीसारखा फिरवा, उरलेला गोंद बोटाने चोळून काढा आणि शेवटी तेच अल्कोहोलचं पाणी. थिनर किंवा पेट्रोल लावलं तर प्लॅस्टिकच खराब होऊ शकतं.