एनके सेल मारणार की सोडणार, कसं ओळखायचं

पेपरात एनके सेल (नॅचरल किलर, बिघडलेल्या पेशी मारणारी पांढरी रक्तपेशी) आला की निम्मी पोरं एकच वाक्य लिहून मोकळी होतात, "एमएचसी क्लास वन नसलं की एनके मारतो" (क्लास वन म्हणजे शरीरातल्या बहुतेक पेशींवर असणारं 'मी आपलीच' सांगणारं प्रोटीन), आणि तिथेच मार्क जातात. त्यापेक्षा रफ पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे 'थांब' लिहा, उजवीकडे 'मार', आणि समोरच्या पेशीवर काय काय दिसतंय ते भरत जा.

डावीकडे क्लास वन, म्हणजे माणसात एचएलए. ते असेल तर एनकेवरचे किर नावाचे रिसेप्टर त्याला धरतात आणि आतून ब्रेक लागतो. उजवीकडे जरा जास्त गर्दी असते. पेशी कॅन्सरकडे झुकली किंवा आत व्हायरस शिरला की तिच्यावर मायका वगैरे ताणाची प्रोटीन्स येऊ शकतात, ती एनकेवरचा एनकेजी२डी रिसेप्टर ओळखतो, आणि आयजीजी अँटीबॉडी आधीच चिकटलेली असेल तर सीडी१६ हा एनकेवरचा दुसरा रिसेप्टर तिची शेपटी पकडतो (लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरात देतात ते रिटुक्सिमॅब नावाचं अँटीबॉडी औषध काही प्रमाणात याच वाटेने काम करतं).

आता सोडवून बघू. के५६२, ल्युकेमियाची सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी), लॅबवाल्यांची लाडकी. डावीकडे रिकामं, उजवीकडे भरलेलं, मेली. १९८६ ला कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लोकांनी उंदरांत हेच दाखवलं, क्लास वन गमावलेल्या लिम्फोमा पेशी एनकेने साफ केल्या, त्यालाच मिसिंग सेल्फ म्हणतात.

मग लाल रक्तपेशी? तिच्यावरही क्लास वन जवळपास नसतंच, मग एनके आपलं सगळं रक्त का खाऊन टाकत नाही? कारण उजवीकडेही काहीच नाही! नुसता ब्रेक काढून गाडी पळत नाही हो, अ‍ॅक्सिलरेटर पण लागतो. एका वाक्यावर अडलेली पोरं इथेच सापडतात.

सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) तर महाबिलंदर, टी सेलपासून (क्लास वनवरूनच आजारी पेशी ओळखणारी दुसरी पांढरी पेशी) लपायला क्लास वन खाली खेचतो आणि एनकेला गंडवायला यूएल१८ नावाचं डमी क्लास वन वर लावतो, म्हणजे तुमची डावी बाजू परत भरली, तेव्हा तिथे डोळे झाकून 'मार' लिहू नका.

मारायची पद्धत दोन ओळीत उरका, परफोरिन भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम आत शिरतं, पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे स्वतःच स्वतःला संपवून, जाते. आणि आकृतीत ग्रॅन्युल्सचे (परफोरिन-ग्रॅन्झाइम भरलेल्या पिशव्यांचे) ठिपके सगळीकडे शिंपडू नका, समोरची पेशी जिथे चिकटलीय त्याच बाजूला गोळा झालेले काढा, एनके ते तिकडे सरकवूनच सोडतो.