पोराचं वजन: आधी भिंतीला उभं करा, मग ताटाकडे बघा

जुळे सोलापुरातल्या एका शाळेत मी खेळाची बाई आहे. पालकसभेला आया हमखास विचारतात, "बाई, आमचा जरा जास्तच भरतोय का हो?" डोळ्यांनी ठरवू नका, मोजा.

पोराला अनवाणी भिंतीला उभं करा. टाचा टेकलेल्या, नजर समोर. मुलीचा अंबाडा असेल तर सोडा. डोक्यावर वही आडवी दाबून पेन्सिलीने खूण करा. वजन हलक्या कपड्यांत घ्या. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. 30 किलो आणि 1.28 मीटर असेल तर 18.3. हा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. मोठ्या माणसांत 23 च्या वर गेलं की वजन जास्त धरतात; तो आकडा पोरांना थेट लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे, 5 ते 18 वयाचे तक्ते आहेत, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. त्यात वयासमोर बघा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पोराची रेघ तक्त्यातल्या रेघा ओलांडून वर चढत चाललीय का, हे एका आकड्यापेक्षा जास्त सांगतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली नवजात बाळं ताडून पाहिली. आपली बाळं वजनाने खूप कमी, स्नायूही कमी, पण त्या मानाने चरबी टिकून. म्हणजे हडकुळं दिसलं तरी अंगात चरबी असू शकते. म्हणून हडकुळ्या लेकराला तूप-साखर चारून गुबगुबीत करायची घाई मला फार खटकते.

आता ताट. वाढत्या पोराला उपाशी ठेवायचं नाही, त्याच्या एकट्याचं जेवण वेगळं करायचं नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी सगळ्यांनाच. शेंगाचटणी बंद करू नका, फक्त वाटी पुढ्यात न ठेवता चमच्याने वाढा. कोल्ड्रिंक मात्र घरात आणूच नका: 300 मिलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते. उन्हाळ्यात माठातलं पाणी, ताक.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी ते शक्यच नाही. सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर लंगडी, खो-खो, सायकल. आणि रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत; सहा ते बारा वयाला नऊ तास तरी झोप लागते.

मानेवर काळपट, जाडसर कातडी दिसली तर मळ समजून घासत बसू नका. रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा. पोर झोपेत रोज घोरत असेल तर तेही त्यांना सांगा. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना मोजणीची वही सोबत न्या.